आघाडी करताना काय विसरायचं?

डहाणू विधानसभा मतदारसंघात २०१४ साली काँग्रेस, राष्ट्रवादी, शिवसेना आणि माकप वेगवेगळे लढले, आणि भाजपचे पास्कल धनारे निवडून आले. २०१९ साली काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर माकपचे विनोद निकोले ४,७०७ मतांनी जिंकले. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये महाविकास आघाडीकडून तेच पुन्हा जिंकले, ५,१३३ मतांनी. एवढंच पाहिलं तर आघाडीचं समर्थन करायला बेरीज पुरेशी वाटते.

पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात पालघर लोकसभेला माकपने ठाकरे यांच्या शिवसेनेच्या भारती कामडी यांना पाठिंबा दिला होता, आणि भाजपचे हेमंत सवरा जिंकले. मग तीच आघाडी मेमध्ये चूक आणि नोव्हेंबरमध्ये बरोबर होती का? नैतिकता निकालावरच ठरणार असेल तर मतमोजणीपर्यंत ती कुणालाच कळणार नाही. म्हणजे आघाडी योग्य की अयोग्य, याचं उत्तर बेरजेच्या बाहेर शोधावं लागतं.

तलासरी-डहाणूत लाल बावट्याला मत देणं ही पिढीजात गोष्ट आहे. मे १९४५मध्ये झरी गावात वारली जमले आणि वेठबिगार व लग्नगडीची गुलामी झुगारायचं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात काँग्रेसचं सरकार आलं, आणि त्याने शामराव व गोदावरी परुळेकरांना जिल्ह्यातून तडीपार केलं. शिवसेनेची आठवण तर आणखी अलीकडची आहे. जून १९७०मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, आणि त्यांना हरवून सेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला.

हिशेब एकतर्फी मात्र नाही. याच जिल्ह्यात, पालघरला, १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'च्या मोर्चावर गोळीबार झाला, तिथेही पाच जण गेले. त्या आंदोलनापासून कम्युनिस्ट पक्ष दूर राहिला होता. पालघरच्या हुतात्मा चौकात उभ्या राहणाऱ्या काँग्रेसवाल्याकडेही विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आघाडीचा करार पक्षाचे नेते करतात. आपल्या कार्यकर्त्यांना 'मशाल चालवा' असं सांगायचा अधिकार त्यांना आहे. पण ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या वतीने माफ करायचा अधिकार त्यांना कुणी दिला? तो त्या माणसांचा होता, आणि त्यातली बहुतेक आता नाहीत. आघाडीतली गफलत इथे होते. मतं मागता मागता विस्मरणही मागितलं जातं. व्यासपीठावर सगळे झेंडे असतात, आणि सगळ्यांच्या जुन्या गोष्टी निमूटपणे गाळलेल्या असतात.

यावर एक सोवळं उत्तर तयार असतं: एकटे लढा, हरलात तरी हात स्वच्छ राहतील. ते मला पटत नाही. त्या स्वच्छ हातांची किंमत कोण मोजतं? शहरात बसून लिहिणारा माझ्यासारखा इंजिनियर नाही. मोजतो तो वनहक्काचा दावा कुठल्या तरी कचेरीत अडकलेला माणूस. २००६चा कायदा झाल्यानंतरही २०१८च्या मार्चमध्ये हजारो शेतकऱ्यांना त्यासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत चालावं लागलं. त्यांच्यासाठी एक आमदार ही फार मोठी गोष्ट असते. विस्मरण आणि सोवळेपणा, दोन्हींचा खर्च दुसऱ्याच्याच खात्यावर पडतो.

म्हणून आघाडी करावी, पण मर्यादित कामाची आणि उघड अटींची. वनपट्टे, मजुरी, वाढवण बंदर अशा मुद्द्यांवर कोण काय करणार हे लोकांसमोर सांगितलेलं असावं. आणि एक अट कधीच मान्य करू नये: गप्प बसण्याची. तलवाड्याच्या हुतात्म्यांना अभिवादन करताना १९४६ची तडीपारीही सांगितली जावी, मित्रपक्षाने ती समोर बसून ऐकावी. तसंच हुतात्मा चौकात १९४२बद्दल विचारलं गेलं तर माकपच्या कार्यकर्त्याने मान फिरवू नये. एवढं ऐकूनही जी आघाडी टिकते, तिला मत देताना मतदाराला आपल्या आजोबांशी बेईमानी करावी लागत नाही.