आडोसा

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. एका नातलगाच्या लग्नासाठी आम्ही उभयता परगावी गेलो होतो. पंक्ती उठायला उशीर झाला, परतीची शेवटची एस. टी. चुकली, आणि सौभाग्यवती म्हणाली, "लग्नघरी पुन्हा वीस बायकांत सतरंजीवर पडायचे, त्यापेक्षा एखादी खोली घेऊ या का?" बावीस वर्षांच्या संसारात असा विचार आमच्या मनात प्रथमच आला असावा. स्टँडसमोर एक लॉज होता. मॅनेजरने दोघांची आधार कार्डे मागितली. माझ्या कार्डावर माझे आडनाव, तिच्या कार्डावर तिचे माहेरचे. ते बदलायचे राहिले ते राहिलेच. मॅनेजरने एकदा कार्डांकडे पाहिले, एकदा आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "लग्नाचा दाखला आहे काय, सर?" हिने मंगळसूत्र पुढे केले. "ते काय ताई, कोणीही घालते." माझे पांढरे केसही त्याला पुरेसा पुरावा वाटेनात; पांढऱ्या केसांचाच त्याला अधिक अनुभव असावा. शेवटी अकोल्याला वसतिगृहात राहणाऱ्या आमच्या मुलीला फोन लावला. तिने हसत हसत साक्ष दिली, "अहो काका, ते माझे आईबाबाच आहेत." तेव्हा कुठे किल्ली हाती आली.

घरी आल्यावर ही हकिगत सांगून आम्ही सर्वांना पोटभर हसवले. परंतु त्या रात्री त्या खोलीत मला झोप लागली नाही. दोन माणसांना चार भिंतींच्या आत बसायचे असेल, तर ती परवानगी कोणाकडून मागायची असते, आणि ती देण्याचा अधिकार त्या बिचाऱ्या मॅनेजरला कोणी दिला, हा प्रश्न मनात घोळत राहिला. मी शाळेत चित्रकला शिकवतो, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. तेव्हा या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध निकाल माझ्याकडून वाचकांनी अपेक्षू नये. पण काही गोष्टी पाहिल्या आहेत, आणि एक गोष्ट हातून घडली आहे. तीच सांगायची आहे.

चिखली तालुक्यातले आमचे घर जुन्या धाब्याचे. ओसरी, माजघर, आणि मागे धान्याच्या कणग्यांची एक अंधारी खोली. माणसे अकरा. माझे लग्न झाले तेव्हा कणग्यांची खोली आम्हांला मिळाली, आणि खोलीला दार नव्हते. एक जुने लुगडे टांगलेले असे. पण त्या लुगड्याला जी किंमत होती ती आज माझ्या घराच्या लोखंडी दाराला नाही. कारण आमची आजी. तिला रात्री-अपरात्री कणगीतले काही काढायचे झाले, तर ती माजघरातूनच खोकायला लागे. खोकला तिला नव्हता, हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होते. खोकून ती थोडा वेळ उंबऱ्याशी थांबे, कोणाशी तरी मोठ्याने बोलल्यासारखे करी, मग लुगडे बाजूला सारी. आत येताना तिची नजर जमिनीवर असे. उन्हाळ्यात सगळे घर धाब्यावर निजायला जाई. तिथेही कोणाची वाकळ कुठे पसरायची हे आजीच ठरवी, आणि नव्या जोडप्याची जागा कडेला, वाऱ्याच्या बाजूला असे. याविषयी एक शब्दही कोणी कधी बोलले नाही.

शेतातही तेच. ज्वारी हुरड्यात आली की रात्रीच्या जागलीला घरातला धाकटा लेक जाई. भाकरी पोचवायला घरात चार रिकामे हात असले तरी सासू नेमकी त्याच्याच बायकोला धाडी, वर "अंधार पडला तर तिथंच राह्य, एकटी नोको येऊ" असे बजावी. सून मान खाली घालून निघे. दिवसा मात्र हीच सासू सुनेने नवऱ्याशी चारचौघांत दोन शब्द बोलले तर भुवया चढवणार! नवऱ्याचे नाव घ्यायचे तेही उखाण्यात दडवून. आमच्या समाजाने प्रीतीला असा आडोसा ठेवला होता: दिवसा नाही म्हणायचे, आणि रात्रीची वाट आपणच करून द्यायची.

मी त्या काळाचे गोडवे गातो आहे असे कोणी समजू नये. तो आडोसा ज्यांना मिळाला त्यांनाच मिळाला. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. त्या ज्यांनी वाचल्या असतील त्यांना ठाऊक आहे की माधवरावांनी बायकोला लिहायला-वाचायला शिकवायला घेतले, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्या पोरीला किती छळले. नवराबायको एकांतात काय करतात यावर घराचे मौन होते. पण ती दोघे तिथे पुस्तक उघडतात हे कळताच मौन संपले. आडोसा घर देत होते, पण त्या आडोशाआड काय चालावे हेही घरच ठरवीत होते. आणि ज्यांचे लग्न घराने लावले नव्हते त्यांच्यासाठी कोणती आजी खोकणार होती?

पुढे माणसे शहरात गेली आणि धाबेही गेले, कणग्यांची खोलीही गेली. मुंबईच्या चाळीतल्या एका खोलीत आईवडील, भाऊ, वहिनी आणि नवे जोडपे. १९७० साली राजा ठाकूर यांनी 'मुंबईचा जावई' हा चित्रपट काढला तो याच अडचणीवर. लोक पोट धरधरून हसले, आणि १९७२ साली बासू चटर्जींनी तोच 'पिया का घर' म्हणून हिंदीत आणला. माझे एक काका गिरणीत होते. ते म्हणत, त्या सिनेमाला हसणाऱ्यांत निम्मे लोक बायकोला दोन तास निवांत घेऊन बसायला मिळावे म्हणूनच थेटरात आलेले असत.

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर मी एकदाच बसलो आहे. तिथली एक गोष्ट मला अजून आठवते. सगळी जोडपी समुद्राकडे तोंड करून आणि शहराकडे पाठ करून बसलेली. भिंत बांधायला जागा नाही, म्हणून माणसांनी पाठीचीच भिंत केलेली. आणि मागून जाणारे हजारो लोक त्या पाठींकडे न पाहता जात होते. मला आजीची आठवण झाली.

जपानी लोकांनी हा प्रश्न दुकानदाराच्या हिशेबी बुद्धीने सोडवला. त्यांची जुनी घरे लाकडाची, आत सरकत्या कागदी पडद्यांची. शेजारच्या दालनातला सुस्काराही ऐकू यायचा. युद्धानंतर शहरांत दाटी झाली. मग तासांच्या हिशेबाने खोल्या देणारी हॉटेले निघाली. १९६८ साली ओसाकात 'हॉटेल लव्ह' निघाले आणि त्यावरूनच 'लव्ह हॉटेल' हे नाव या सगळ्या जातीला पडले असे म्हणतात. १९७३ साली टोकियोत 'मेगुरो एम्परर' नावाचे एक निघाले, ते चक्क युरोपातल्या किल्ल्याच्या आकाराचे. या हॉटेलांत दाराशी खोल्यांची चित्रे लावलेली. जिच्यामागे दिवा लागलेला असेल ती मोकळी. बटण दाबायचे. किल्ली देणारा माणूस असलाच तर धुरकट काचेआड, फक्त त्याचा हात दिसतो. दरपत्रकावर दोन शब्द: 'विश्रांती' म्हणजे काही तास आणि 'मुक्काम' म्हणजे रात्रभर. घरात मुले आणि म्हातारी माणसे असलेली नवराबायकोही तिथे जातात. १९८५पासून या हॉटेलांवर पोलिसी कायद्याची नजर आली. तरी धंदा काही बंद झाला नाही. क्यूबा देशात तर 'पोसादा' नावाच्या अशा खोल्या सरकारच चालवीत असे! आपल्याकडे नगरपालिकेने असा ठराव आणला तर सभेत काय होईल, त्याचे चित्र वाचकांनी आपापल्या गावच्या मापाने काढावे.

मला त्या किल्ल्यांचे, रंगीत दिव्यांचे कौतुक नाही. प्रीतीला तासांचा दर लागला की काहीतरी उणे होतेच. पण धुरकट काचेमागचा तो हात मला विचार करायला लावतो. तो हात विचारत नाही, तुम्ही कोण. आमच्या आजीच्या खोकल्याचेच ते यंत्रयुगातले रूप नव्हे काय? फरक एवढाच की आजीला सगळे ठाऊक होते आणि तरी ती पाहत नव्हती. काचेमागच्या माणसाला काही ठाऊकच करून घ्यायचे नाही. पहिले मोठे की दुसरे, ते मला ठरवता आलेले नाही. आजीचे न पाहणे प्रेमाचे होते, पण ते तिच्या मर्जीवर होते.

आपल्याकडे हल्ली पाहणारेच फार झाले आहेत. ऑगस्ट २०१५मध्ये मुंबईच्या मढ बेटावरच्या आणि अक्सा किनाऱ्यावरच्या लॉजांवर पोलिसांनी धाडी घातल्या. चाळीसच्या आसपास जोडपी खोल्यांतून बाहेर काढली, आणि कलम लावले सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याचे. कडी लावलेली खोली सार्वजनिक कशी, हे मला माझ्या मॅट्रिकच्या ज्ञानाने उमगत नाही. पुष्कळ गवगवा झाला, पोलीस आयुक्तांनी चौकशी लावली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. आणि डिसेंबर २०१९मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले की, अविवाहित जोडप्याने हॉटेलात खोली घेऊन राहू नये असा कोणताही कायदा या देशात नाही. कायदा इथवर आला. काउंटर मात्र होता तिथेच आहे. २०२१ साली बोरिवलीतल्या एका सोसायटीच्या रहिवाशांनी समोरच्या रस्त्यावर 'नो किसिंग झोन' असे मोठ्या अक्षरांत रंगवले. आणि जानेवारी २०२५मध्ये 'ओयो' कंपनीने मेरठपासून सुरुवात करून हॉटेलवाल्यांना मुभा दिली, की जोडप्याकडे नात्याचा पुरावा मागावा आणि वाटल्यास खोली नाकारावी. हे नाव आमच्या वर्गात नुसते उच्चारले तरी मागच्या बाकांवर हशा पिकतो. एका कंपनीचे नाव मुलांच्या तोंडी चावट शब्द होऊन बसावे, इतका त्या गोष्टीला आमच्याकडे दुसरा शब्द नाही.

आता ती गोष्ट सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी जानेवारीत शाळेची सहल लोणारला नेली होती. लोणारचे विवर पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. आकाशातून पडलेल्या दगडाने केलेला जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा तो वाडगा, तळाशी खारे पाणी, काठावर झाडी आणि झाडीत पडकी देवळे. मुलांना देवळांचे खांब चितारायला बसवून मी जरा पुढे गेलो, तर एका ओट्यावर आमचीच एक जुनी विद्यार्थिनी आणि एक मुलगा बसलेले. मुलगी हुशार, त्या वेळी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दोघांच्या मध्ये एक वही आणि बोरांची पुडी होती. याहून अधिक काही नव्हते, आणि असते तरी ते माझे नव्हते. तिने मला पाहिले. उठली नाही, पळाली नाही. नुसती मान हलवली. ते 'सांगू नका' होते हे मला तेव्हाही कळले होते.

त्याच आठवड्यात तिचे वडील बाजारात भेटले आणि मी म्हणालो, "पोरीकडे जरा लक्ष असू द्या." एवढेच. कर्तव्य केल्यासारखे वाटले. वैशाखात तिचे लग्न झाले. बी. एस्सी. राहिली. तो मुलगा कोण, कसा, त्याच्या मनात काय होते, हे मी विचारलेही नव्हते, आणि तिच्या वडिलांनीही बहुधा विचारले नसावे.

मी हे आजीला सांगितले. तेव्हा तिचे वय नव्वदीकडे झुकलेले, दिसत जवळजवळ नव्हते. ती एवढेच म्हणाली, "पाह्यलं तं पाह्यलं, सांगतलं कायले?"

मी तिला पुष्कळ कारणे दिली. मुलींची फसवणूक होते, फोटो काढतात, धमक्या देतात. ही कारणे खोटी नाहीत. लॉजच्या खोल्यांत छुपे कॅमेरे सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो. मुलीच्या बापाची भीती हा काही जुनाट विचार नव्हे. पण त्या भीतीने आपण त्यांना पाठवतो कुठे? ऑक्टोबर २०२४मध्ये पुण्याजवळच्या बोपदेव घाटात मित्रासोबत गेलेल्या एकवीस वर्षांच्या मुलीवर तिघांनी अत्याचार केला. त्या दिवशी आमच्या शिक्षकांच्या खोलीत पहिला प्रश्न निघाला तो "रात्री ती तिथे गेलीच कशाला?" हा. कोणीतरी उत्तर द्यायला हवे होते की तिला बसायला दुसरीकडे कुठे जागा होती? मीही दिले नाही. चहाचा कप खाली ठेवून तासावर गेलो.

ती विद्यार्थिनी कधीमधी भेटते. तिचा मुलगा यंदा आमच्या शाळेत पहिल्या यत्तेत आला आहे. रंग मोठ्या धिटाईने भरतो. पालकसभेला ती आली होती. "नमस्कार सर" म्हणाली, मुलाची वही पाहिली, हसली. लोणारचा विषय तिने काढला नाही, आणि माझ्याकडून निघाला नाही.

परवा रात्री नऊच्या सुमारास मुलीला फोन केला. मागे मोटारींचे आवाज, कोणाचे तरी हसणे. म्हणाली, "बाबा, जरा बाहेर आहे, जेवायला आलोय." 'आलोय' म्हणाली. कोण कोण, हा प्रश्न जिभेवर आला होता. लॉजच्या काउंटरवर आमच्यासाठी साक्ष देणारा तिचाच आवाज तो. मी म्हणालो, "बरं. जपून ये. पोचलीस की एक मिस्ड कॉल दे." फोन ठेवल्यावर हिने विचारले, "कोणाबरोबर आहे?" मी म्हटले, विचारले नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. साडेदहाला मिस्ड कॉल आला. तोवर आम्ही दोघेही ओसरीवर बसून होतो.