रोजचं भांडं

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला स्थिरचित्राचा पेपर असतो. बारामती-इंदापूरच्या मुलांपुढेही मग टेबलावर माठ, तांब्या, एखादं फळ आणि मागे चुण्या पडलेलं कापड येतं. पाणी पिताना ज्या माठाकडे आपण बघतही नाही, त्याचा गळा दोन्ही बाजूंनी सारखा काढताना चांगला घाम फुटतो!

इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार ज्योर्जो मोरांदी १९६४ मध्ये गेला. बाटल्या, वाडगे, बरण्या यांचीच चित्रं तो वर्षानुवर्षं काढत राहिला. त्यांच्यावरची धूळही राहू द्यायचा. आपल्याकडे मात्र भांड्याचं चित्र काढण्याच्या फार आधी भांड्यावरच चित्र काढलं गेलं. कऱ्हा-नीरेच्या संगमाजवळ सोनगावला उत्खनन झालं, तेव्हा ताम्रपाषाणयुगातली जोर्वे पद्धतीची खापरं मिळाली. ही भांडी लाल, वर काळ्या रंगात तिरप्या रेघा, जाळ्या. तीन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या रेघांनी पाणी काही जास्त गार होत नव्हतं, की कालवणाला चव येत नव्हती. तरी कुणीतरी कामातून वेळ काढून त्या ओढल्या, आणि मग ते भांडं सरळ चुलीपाशी वापरायला घेतलं.