पत्ता: पोस्ट बॉक्स १६६३

सावकाश वाचा, घाई नाही.

न्यू मेक्सिकोतलं एक उंच पठार डोळ्यांसमोर आणा. साल १९४४, लॉस अलामॉस. काटेरी कुंपण, पहारा, छातीवर बिल्ला. आत अणुबॉम्ब घडतो आहे. हजारो माणसं, आणि पत्ता एकच: पोस्ट बॉक्स १६६३, सांता फे. इथं जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावरही हाच पत्ता.

त्या बाळाची आई व्हा. माहेरी पत्र लिहायचं आहे. पाकीट उघडंच ठेवायचं, कारण आधी कुणी परका ते वाचणार. राहतो कुठे, सांगायचं नाही. नवरा करतो काय, बहुधा तुम्हालाच ठाऊक नाही. मग उरतं काय? त्या उरलेल्यापाशी जरा रेंगाळा. थोड्याच दिवसांत हात आपणहून थबकू लागतो आणि तपासनिसाला फारसं काम राहत नाही.

आता कुंपणाकडे या. इथं काम करणाऱ्या तरुण भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनला त्यात एक भोक सापडलं होतं. फाटकातून बाहेर, भोकातून आत, पुन्हा फाटकातून बाहेर! हसा, खुशाल हसा. पण त्याची बायको अर्लीन अल्बुकर्कला क्षयानं मरत होती. जून १९४५ मध्ये तिच्याकडे धावताना त्यानं गाडी मागितली ती सहकारी शास्त्रज्ञ क्लाउस फुक्सची. अबोल, भला, मित्रांची मुलं सांभाळणारा फुक्स. बॉम्बची गुपितं सोव्हिएत संघाला तोच पुरवत होता.

इथं थांबा. पत्रं वाचली गेली ती घरच्यांची. गुपित गेलं ते बिल्ला लावून.

तरी तपासणी वाढतच गेली. १९४६च्या अणुऊर्जा कायद्यानं कर्मचाऱ्याचं चारित्र्य, संगत आणि निष्ठा तपासायचं काम एफबीआयकडे दिलं. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी निष्ठेची चौकशी साऱ्या संघीय नोकरांना लावली. आता प्रश्न कागदपत्रांचा राहिला नव्हता. कुणाकडे जेवलात, कुणावर जीव जडला, हेही विचारायची सोय झाली होती.

१९५४. युद्धकाळात लॉस अलामॉसचे प्रमुख असलेले ओपनहायमर आता स्वतःच्या सुरक्षा परवान्याच्या चौकशीला बसले आहेत. अकरा वर्षांपूर्वी जुनी प्रेयसी, कम्युनिस्ट पक्षात राहिलेली जीन टॅटलॉक, हिच्याकडे घालवलेल्या रात्रीबद्दल विचारणा होते. लष्करी हेरांनी तेव्हाच पाठलाग करून नोंद ठेवली होती.

चौकशी मंडळावरच्या तिघांपैकी एक तुम्ही आहात असं समजा. माणूस देशनिष्ठ आहे, हे तिघांनाही मान्य आहे. तरीही दोघं परवान्याच्या विरोधात जातात. रसायनशास्त्रज्ञ वॉर्ड एव्हान्स एकटे वेगळं मत देतात. निष्ठा मान्य झाल्यावरही उरलेला तो संशय नेमका कशाचा? उत्तर लगेच देऊ नका.