परक्या रस्त्यावरची पाचवी आज्ञा



आपल्या धर्मग्रामातून दरवर्षी बरेच जण परदेशी जातात. कुणी रोम, लुर्ड, फातिमाच्या यात्रेला, कुणी आखातात नोकरी करणाऱ्या मुलाकडे, कुणी लेकीच्या बाळंतपणाला. पासपोर्ट, औषधे, रोझरीची माळ, नातवंडांसाठी सुकेळी, सगळे आठवणीने बॅगेत जाते. तिथला रस्ता कसा ओलांडायचा, हे मात्र सहसा कुणी कुणाला विचारीत नाही. हा प्रश्न सावधगिरीचा आहेच. पण त्याच्या मुळाशी नीतीचा प्रश्न आहे.

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. इटली, फ्रान्स, पोर्तुगाल आणि आखाती देशांत ती उजव्या बाजूने चालतात. यांपैकी निसर्गाने ठरवलेली बाजू कोणती? कोणतीच नाही. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता देशातली सगळी वाहतूक डावीकडून उजवीकडे आणली. आदल्या दिवशी जे बरोबर होते, ते त्या दिवसापासून चूक ठरले. मग माणसांनी केलेला आणि माणसांनीच बदललेला नियम माझ्या सदसद्विवेकबुद्धीला बंधनकारक कसा? तोही मी दहा दिवसांचा पाहुणा असताना?

संत थॉमस अक्वायनस यांनी अशा नियमांचा विचार करून ठेवला आहे. काही कायदे निसर्गनियमातून थेट निघतात. काही मात्र निसर्गनियमाला तपशील पुरवतात. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, हे निसर्गनियम सांगतो. कोणती शिक्षा, हे राज्याने ठरवायचे असते. रस्त्याचेही तसेच आहे. दुसऱ्याचा जीव जपावा, हे कुठल्याही संसदेने ठरवलेले नाही. डावी बाजू की उजवी, हे लोकांनी ठरवले. पण एकदा ठरले, की त्या ठरावावर अनोळखी माणसे एकमेकांच्या हाती जीव सोपवतात. समोरून येणाऱ्या चालकाला माझे नाव, धर्म, भाषा काहीच ठाऊक नसते. मी नियम पाळीन, एवढाच त्याचा विश्वास असतो. तो विश्वास मोडणे म्हणजे पाचव्या आज्ञेशी खेळणे. व्हॅटिकनने जून २००७ मध्ये रस्त्यावरील प्रेषितकार्यासाठी मार्गदर्शिका काढली आणि वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. त्यांतली पहिली आज्ञा म्हणजे आपली पाचवीच आहे.

कुणी म्हणेल, “फादर, आम्हाला तिथले नियम ठाऊक नसतात.” अज्ञान दोन प्रकारचे असते. जे प्रयत्न करूनही दूर होत नाही, त्याचा दोष नाही. जे थोडी चौकशी केली असती तर दूर झाले असते, त्याची जबाबदारी आपली. परदेशात आणखी एक अडचण येते. एरवी सद्गुण सवयीने अंगी मुरतो. इथे मात्र तीच सवय दगा देते. रस्त्यावर पाऊल टाकताना आपली मान आधी उजवीकडे वळते, आणि तिथे पहिली गाडी डावीकडून येते. उलट लंडनमध्ये वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. तिथे परक्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून कोणत्या बाजूला पाहावे, हे अनेक ठिकाणी रस्त्यावरच रंगवून ठेवले आहे. भाड्याने गाडी घेणाऱ्यांना आरटीओतून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. परवान्याबरोबर सवय मिळत नाही, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

यात्रेकरूंसाठी खास एक गोष्ट. युरोपियन संघाच्या नियमाप्रमाणे बसचालकाला साडेचार तासांच्या चालवण्यामागे एकूण ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. “आणखी एक देऊळ दाखवा, थोडे लवकर निघू या,” असा आग्रह आपण धरतो, तेव्हा त्या दमलेल्या माणसाच्या पापात आपण भागीदार होतो. बसमध्ये उभे राहून रोझरी सांगू नये. पट्टा बांधून, बसल्या जागेवरून केलेली प्रार्थनाही देवापर्यंत पोहोचते.

ख्रिस्तसभेत असा प्रश्न फार पूर्वीही आला होता. मिलान शहरात शनिवारी उपवास करीत नसत, रोममध्ये करीत. संत मोनिका मिलानला आल्या तेव्हा त्या कोड्यात पडल्या. संत ऑगस्टीन यांनी आईसाठी बिशप अँब्रोज यांना विचारले. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की मी रोमला जातो तेव्हा उपवास करतो, इथे असतो तेव्हा करीत नाही. तुम्हीही जिथे जाल तिथली रीत पाळा आणि कुणाला अडखळण होऊ नका. उपवासाबाबत जे खरे, ते रस्त्याबाबत अधिक खरे आहे. इथे अडखळण म्हणजे कुणाचा तरी मृत्यू असू शकतो.

शेवटी एक प्रश्न, ज्याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःच्या मनाशी द्यावे. दुबईला कॅमेऱ्याच्या आणि दंडाच्या धाकाने आपण शिस्तीत वागतो. सुटीवर आलो, की मुंबईच्या विमानतळाबाहेर पडताच पट्टा सुटतो आणि हॉर्न सुरू होतो. मग तिथे आपण काय पाळत होतो, दुसऱ्याचा जीव की आपला खिसा? जीव पाळत असू, तर तो वसईच्या अरुंद रस्त्यावर सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलाचाही तितकाच मोलाचा आहे.

यंदा प्रवासाला निघणाऱ्या सर्वांना सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा. निघण्यापूर्वी अर्धा तास बसून तिथले नियम समजून घ्या, आणि सोबतच्या वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगा.

ख्रिस्तात तुमचा,
प्रमुख धर्मगुरू