जुनी गाडी, नवा कार्ब्युरेटर

जुन्या एमजीबी गाडीचे मूळचे दोन एसयू कार्ब्युरेटर काढून वेबर डीसीओई बसवला, की पहिला प्रश्न पेट्रोलच्या दाबाचा. वेबरला साधारण ३ पीएसआय पुरतो. बाजारातले बरेच इलेक्ट्रिक पंप त्याहून जास्त रेटा देतात. मग फ्लोटला नीडल व्हॉल्व्ह बंद ठेवता येत नाही, पेट्रोल ओसंडते आणि तापलेल्या इंजिनाशेजारी आगीचा धोका उभा राहतो. म्हणून मध्ये रेग्युलेटर येतो. त्यातल्या डायफ्रॅमला एका बाजूने स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूने पेट्रोल रेटते. स्क्रूने स्प्रिंगचा ताण बदलून दाब ठरवतात आणि इंजिन चालू ठेवून गेजवर तपासतात.

दुसरा प्रश्न जुनाच आहे: ही गाडी तीच राहिली का?

‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे आस का, चाके का? एकेक भाग नाकारत शेवटी ‘रथ’ हे व्यवहारापुरते नाव उरते. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे अमान्य. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांची मिळून झालेली अखंड वस्तू, अवयवांहून वेगळा आणि खरा असतो. पण या मताची किंमत जबर आहे: एक अवयव गेला, की जुना अवयवी नष्ट होऊन दुसरा उत्पन्न होतो. म्हणजे गॅस्केट बदलले तरी नवी गाडी! वाहननोंदणीच्या कारकुनाला हे पटवणे अवघड.

रेग्युलेटरची अडचण निराळी. तो कोणत्याही मूळ भागाची जागा घेत नाही. नव्या पाहुण्याला जुन्या घरात नांदवण्यासाठी तो आलेला असतो. नागसेनाच्या हिशेबात त्याला सहज जागा मिळते, कारण नावाला भागांची ठरावीक यादी लागत नाही.