हे खरे आहे काय?

विधानसभेचा दिवस बहुधा प्रश्नांनी उजाडतो. सदस्यांनी कितीतरी दिवस आधी लिहून पाठविलेले प्रश्न पुकारले जातात, उत्तर अगोदरच छापून त्यांच्या हाती आलेले असते, आणि मंत्रिमहोदय उभे राहताच उपप्रश्नांची सरबत्ती सुरू होते. पुढे लक्षवेधी सूचना, विधेयके, नियम २९३ खालील लांबलचक चर्चा असे करीत कामकाज कधीकधी रात्री उशिरापर्यंत रेंगाळते. आम्हा शिरपूरकरांपर्यंत यातला गदारोळ आणि सभात्याग तेवढा पोहोचतो. करमणुकीपुरता तो ठीक आहे. परंतु तारांकित प्रश्नोत्तरांची छापील यादी ज्यांनी एकदा निवांतपणे वाचली असेल, त्यांचे लक्ष तिच्या भाषेकडे गेल्यावाचून राहिले नसेल.

या प्रश्नांचा साचा ठरलेला आहे. अमुक गावी अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? राज्यकर्त्यांना प्रथम सत्याविषयी विचारावे आणि मगच कारवाईविषयी, हा क्रम ज्यांनी घालून दिला त्यांचे आम्हाला कौतुक वाटते. उत्तरांचाही साचा आहे. 'हे खरे आहे', 'हे खरे नाही', 'हे अंशतः खरे आहे', आणि अखेरीस, 'प्रश्न उद्भवत नाही'.

समजा, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या पाड्यावरील आरोग्य उपकेंद्रात तीन महिन्यांपासून परिचारिका नाही, हे खरे आहे काय, असे सदस्याने विचारले. परिचारिका अडीच महिन्यांपासून नसेल, तर 'हे खरे नाही' हे उत्तर शब्दशः बिनचूक ठरते. पहिला भागच खरा नाही म्हटल्यावर चौकशी, कारवाई, विलंब या साऱ्यांपुढे एकच शेरा येतो: प्रश्न उद्भवत नाही. तो ज्या बाळंतिणीपुढे उद्भवला, ती सभागृहात नसते.

अशा उत्तराला असत्य म्हणावे काय? आपल्या धर्मसभेतील नीतिशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा मोठा खल केलेला आहे. मनात वाक्याचा एक भाग राखून ठेवावा आणि उरलेला तेवढा उच्चारावा, म्हणजे खोटे बोलल्याचे पाप लागत नाही, असे मत सोळाव्या-सतराव्या शतकांत काही पंडित मांडीत असत. १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी ते मत निषिद्ध ठरविले. मात्र त्यानंतरही एक सवलत मान्य राहिली. विचारणाऱ्याला उत्तराचा अधिकारच नसेल, गुपित राखणे हे कर्तव्य असेल, तर दुहेरी अर्थाचा शब्द वापरून वेळ निभावून नेणे सर्वस्वी दोषास्पद मानले गेले नाही. दारात आलेल्या मारेकऱ्याला घरात कोण लपले आहे ते सांगण्यास आपण बांधील नाही, हे कुणालाही पटेल.

सभागृहात ही सवलत लागू पडत नाही, असे आम्हाला वाटते. तेथे विचारणारा हा भोचक शेजारी नव्हे. राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदाने मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. उत्तर मागण्याचा अधिकार हाच जेथे विचारणाऱ्याच्या अस्तित्वाचा हेतू, तेथे शब्दशः खरे आणि अर्थतः फसवे असे उत्तर देणारा कोणत्या आडोशाला उभा राहणार? पीडितेचे नाव, खबऱ्याची ओळख, चालू तपासातील दुवा या गोष्टी झाकल्याच पाहिजेत. परंतु त्या झाकताना 'हे सांगता येणार नाही' असे उघडपणे म्हणता येते, आणि तसे म्हणणारे मंत्री असतातही.

मंत्र्यांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. उत्तर ते स्वतः लिहीत नाहीत. प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्याला जातो, जिल्ह्यातून तालुक्याला, तेथून तलाठी वा ग्रामसेवकाकडे. त्याच वाटेने माहिती परत वर चढते, आणि प्रत्येक टेबलावर तिच्यातला एखादा टोकदार शब्द घासला जातो. 'नाही' चे 'अपुरे' होते, 'अपुरे' चे 'बहुतांशी उपलब्ध'. कुणीही खोटे लिहिलेले नसते. प्रत्येकाने आपल्या वरिष्ठाची अडचण तेवढी कमी केलेली असते. मग या असत्याचे कबुलीजबाबाच्या वेळी कुणी नाव घ्यावे? वाटून घेतल्याने अपराध हलका होतो, ही समजूत कचेरीत काम करणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना सोयीची आहे. पण ज्याने शब्द घासला, त्याने त्या शब्दापुरते तरी उत्तर दिलेच आहे.

आमच्या तालुक्यातील वाघाडी येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक जीव गेले. त्या वर्षीचे पावसाळी अधिवेशन तोवर संपले होते, ऑक्टोबरात निवडणूक झाली, आणि नागपूरचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात भरले. इतका काळ लोटल्यावर अशा घटनेविषयी विचारलेल्या प्रश्नाला एका ओळीचे उत्तर मिळते की पूर्ण, याला मृतांच्या घरी फार मोठा अर्थ असतो. नुकसानभरपाईचा धनादेश निराळा. काय घडले ते राज्याने आपल्या तोंडाने सांगणे निराळे.

येथे संत थॉमस मोर यांची आठवण होते. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना राजकारणी व राज्यकर्त्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. १५२३ साली इंग्लंडच्या सामान्यांच्या सभेचे अध्यक्ष असताना सदस्यांना निर्भयपणे बोलू द्यावे, अशी विनंती त्यांनी राजाला केली होती. आपल्या आमदारांना १९४ व्या अनुच्छेदाने लाभलेले भाषणस्वातंत्र्य हे त्याच परंपरेतले. हाच मनुष्य पुढे राजाच्या शपथेपुढे मौन पाळून राहिला. खोटी शपथ त्यांना घ्यावयाची नव्हती. त्या मौनाची किंमत त्यांनी १५३५ साली वधस्तंभावर मोजली. 'प्रश्न उद्भवत नाही' हेही एक मौनच. त्याला मात्र काहीच मोल पडत नाही.

उत्तर देणाऱ्यांविषयी इतके लिहिल्यावर विचारणाऱ्यांना सोडून देणे न्यायाचे होणार नाही. डिसेंबर २००५ मध्ये संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणी अकरा खासदारांना बडतर्फ करण्यात आले. त्यांपैकी दोघे आमच्या खानदेशातले, जळगाव आणि एरंडोल या मतदारसंघांतून निवडून आलेले होते. पैसे देऊ करणारी संस्था अस्तित्वातच नव्हती; पत्रकारांनी रचलेला तो सापळा होता. प्रश्न विकला गेला म्हणजे त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी प्रश्न विचारायचा राहून गेला, ही गोष्ट त्या वेळच्या चर्चेत फारशी कुणी काढली नाही. चर्चा होती ती रकमेची.

शिरपूर मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. निवडणूक आली की सभांतून रस्त्याची, पाण्याची, सभामंडपाची मागणी होते, आणि ती रास्तच असते. गेल्या पाच वर्षांत आपण कोणते प्रश्न विचारलेत आणि त्यांना काय उत्तरे मिळाली, असे उमेदवाराला विचारणारा मतदार आम्ही अद्याप पाहिलेला नाही. यादी तर छापलेली असते. आता ती विधिमंडळाच्या संकेतस्थळावरही वाचावयास मिळते.