हरणाऱ्या पक्षाचे भाषण

ज्या सभागृहात आपला पराभव मते मोजण्यापूर्वीच ठरलेला आहे, तेथे प्रामाणिक मनुष्याने बसावे काय? तेथे बसून बोलणे म्हणजे एका पोकळ देखाव्यास आपली अब्रू तारण देणे नव्हे काय? प्रश्न वरवर राजकारणाचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या कारकिर्दीत तो पदोपदी समोर येतो.

गोखले १८९९ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात गेले आणि १९०२ पासून १९१५ साली मृत्यू येईपर्यंत व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे सभासद होते. त्या वर्षांत दोन्हीकडे सरकारी मतांचेच पारडे जड होते. सभात्याग त्यांस अपरिचित नव्हता. १९०१ साली जमीनमहसुलाच्या बिलावर फेरोजशहा मेहता मुंबईत उठून गेले, तेव्हा गोखलेही त्यांच्यामागोमाग गेले. कलकत्त्यास मात्र त्यांनी बसण्याचा मार्ग पत्करला. २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की, सरकारी तिजोरीतील शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नसून जादा करांची आहे. मिठावरील मणामागचा अडीच रुपयांचा कर १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. तो एकट्या गोखल्यांच्या भाषणांनी उतरला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण त्या भाषणांतील आकडे कोणास खोडता आले नाहीत, हेही खरे.

ह्या आकड्यांमागे एक जुनी जखम होती, असे मला नेहमी वाटते. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सैनिकांनी अत्याचार केल्याचे आरोप त्यांनी विलायतेत जाहीर केले. परत आल्यावर पुरावा हाती लागेना, तेव्हा त्यांनी उघड माफी मागितली. लोकांनी त्यांस भित्रा ठरविले. जे सिद्ध करता येत नाही ते बोलावयाचे नाही, हा धडा त्यांनी त्या मानहानीतून घेतला असावा. हरणाऱ्याचे भाषण निव्वळ देखावा नसण्याची अट हीच: त्यातील प्रत्येक विधान विरोधकाच्या तपासणीस उतरले पाहिजे.

तरीही आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो मी हलका मानीत नाही. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. मागणी किती माफक! सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांस शाळेची सक्ती. तीही स्थानिक संस्थेची इच्छा व सरकारची मंजुरी असेल तेथेच. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी ह्याहून धीट पाऊल आधीच टाकले होते. १९१२ च्या मार्चमध्ये बिल १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले; विरोधकांत काही देशी सभासदही होते, ही गोष्ट सरकारी बहुमतापेक्षा अधिक बोचते. बिल पडणार हे गोखल्यांस ठाऊक होते, आणि तरीही त्यांनी ते तपशीलवार, न चिडता लढविले. ही शांतता थोर म्हणावी की सरकारच्या सोयीची? त्यांच्या चौकस भाषणांमुळेच सरकारला ‘आम्ही ऐकून घेतले’ असे म्हणता आले, हे नाकारता येत नाही.

पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा झाला. शिक्षणाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत २००२ साली आला. पराभूत बिल वाया गेले नाही, असे आपण आज समाधानाने म्हणू शकतो. परंतु १९१२ मध्ये जो मुलगा सहा वर्षांचा होता, तो पटेलांचा कायदा झाला तेव्हा बारा वर्षांचा, म्हणजे त्या बिलातील मर्यादेच्याही पलीकडे गेला होता.